खिडकीकडे पाठ

"म्हणजे पडदे-बिडदे ना?"

हा प्रश्न मला आजवर कुणी कुणी विचारलाय म्हणून सांगू! लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या बायकांनी विचारलाय, बँकेतल्या साहेबानं विचारलाय. एकदा तर दाताच्या डॉक्टरनं माझ्या तोंडात हत्यारं घातलेली असताना विचारला, त्यामुळे उत्तरही देता येईना. पूर्वी मी चिडायचे. माझा राग तसाही नाकाच्या शेंड्यावर. आता मी सरळ "हो, पडदेच" म्हणते आणि जिलेबी मागून घेते. कारण इंटिरियर डिझाइन म्हणजे काय ते खरंखुरं सांगायचं तर मला सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या आमच्या खोलीपासून सुरुवात करावी लागते, आणि पंगतीत एवढा वेळ कुणाला असतो? इथे आहे, तर सांगते.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. प्लेग येऊन गेला होता आणि त्यानंतर सुरत अशी काही घासूनपुसून काढली होती, की गावाकडून येणारे पाहुणे स्टेशनाबाहेर पडल्यावर "हीच का ती सुरत?" असं विचारायचे. आमची गल्ली मात्र होती तशीच होती. सगळा खानदेश तिथे उतरलेला. घरात अहिराणी, नळावर हिंदी, दुकानात गुजराती. आबा, म्हणजे माझे वडील, लूमच्या खात्यात साचे चालवायचे. सुरतेत मागाला साचा म्हणतात आणि कारखान्याला खातं. माय घरी साड्यांचे धागे कापायची. बाजारातून गठ्ठे यायचे, लोंबते धागे कात्रीनं कापायचे, घड्या घालायच्या, गठ्ठे परत. ताई माझ्याहून मोठी, ती मायच्या हाताशी. आणि धाकटी मी, बारावी होऊन शहरात इंटिरियरच्या क्लासला जाणारी.

शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी खटपट करून मला तिथे घातलं होतं. क्लास अठवा लाइन्सच्या बाजूला, एका इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर. पहिल्या दिवशी गेले आणि दारातच थबकले. एवढाली तिरकी टेबलं, पांढरेशुभ्र कागद, आणि भिंतीवर कापलेल्या घरांची चित्रं. अख्खं घर मधोमध कापलेलं, आत जिना, जिन्याखाली माणूस, माणसाच्या डोक्यावर दिवा. अगं बाई, घर असं कापून बघता येतं? मी जन्मापासून एका खोलीत राहत होते, पण त्या खोलीकडे असं बघायचं असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी खुळ्यासारखी त्या चित्रांसमोर उभी राहिले, शेवटी मागच्या मुलीनं ढोसलं तेव्हा आत गेले.

शिकवणारे सर गुजराती होते. हिऱ्यांच्या शेठ लोकांचे फ्लॅट करून करून वैतागलेले, आणि तो वैताग ते वर्गात येऊन काढायचे. "डेकोरेशन तो मंडपवाळो करे," ते म्हणायचे, "तमे पहेलां माणस जुओ." सजावट मंडपवाला करतो, तुम्ही आधी माणूस बघा. माणूस कुठे बसतो, कुठून उठतो, कुठे त्याचं डोकं आपटतं, कुणाशी बोलायला मान वळवतो. ते बघून झालं की मग भिंतीला हात लावा. एकदा म्हणाले, असे दिवस येतील की तुम्ही इथे सुरतेत बसाल आणि समुद्रापलीकडच्या कुणाच्या तरी घरातली भिंत सरकवाल. सगळा वर्ग फिस्सकन हसला. निम्म्यांच्या घरी फोन नव्हता, समुद्रापलीकडचं काय घेऊन बसलात! मला मात्र हसू आलं नाही. 

आता घरी ह्या शिक्षणाबद्दल काय समज होते ते ऐका. माय नळावर सांगायची, "पोर सजावटनं शिकस." त्यामुळे गणपती आले की गल्लीतले सगळे थर्माकोल आमच्या दारात. आमची घरमालकीण मला अडवून विचारायची, देव कुठल्या कोपऱ्यात ठेवू आणि चूल कुठे, म्हणजे घरात बरकत राहील. मी म्हणायचे, चूल खिडकीपाशी ठेवा, म्हणजे खोकला राहणार नाही. ते तिला पटायचं नाही. आणि आबांना कुणी विचारलं, की धाकटी काय शिकते, तर ते सांगायचे, "शिवणकाम." मी मागून ओरडायचे, "आबा, शिवणकाम नाही हो!" ते मान डोलवायचे आणि पुढच्या खेपेला पुन्हा शिवणकाम. मला अशी तिडीक जायची म्हणता!

आबा तसे कानानं मंद होते. पण लूमवरचा कुठला माणूस नव्हता? गल्लीत सगळेच घसा ताणून बोलायचे. आबांचं दुःख वेगळं होतं. ते बोलायचेच नाहीत. पाळीवरून यायचे, हातपाय धुवायचे, खाटेवर बसायचे आणि गप्प. काही विचारलं तर हसायचे, नाहीतर मान हलवायचे, ती होकाराची की नकाराची ते ज्यानं त्यानं समजून घ्यावं. जोरानं बोललं तर त्यांच्या कपाळाला आठी पडायची. माय म्हणायची, ह्या माणसाला आमचा कंटाळा आलाय. ती हे त्यांच्यासमोर बसून, धागे कापता कापता, तोंडातल्या तोंडात म्हणायची. दिवसभरात आबांबद्दलचं तिचं सगळं बोलणं असं तोंडातल्या तोंडातच असायचं.

खोली कशी होती ते सांगते. एकच खिडकी. तिच्याखाली मायची जागा, कारण बारीक धाग्याला उजेड लागतो. माय खिडकीकडे पाठ करून बसायची, म्हणजे खांद्यावरून उजेड नेमका साडीवर पडायचा. संध्याकाळसाठी ट्यूबही तिच्याच डोक्यामागे ठोकली होती. आबांची खाट समोरच्या भिंतीला. कर्त्या माणसाला उन्हाची तिरीप नको, पाळी करून आला की शांत निजता आलं पाहिजे, म्हणून मायनंच ती जागा निवडलेली. पाहुणे आले की माय आपले गठ्ठे उचलायची आणि खिडकीखालची जागा पाहुण्यांना द्यायची, तिथे वारा लागतो म्हणून. सगळं मायेनं आणि मानापानानं ठरलेलं. कुणी त्यात खोट काढू शकलं नसतं.

ताईला बघायला पहिले पाहुणे आले ते असेच खिडकीखाली बसले. मुलगा, त्याचे वडील, एक चुलता. चहा झाला, ताई पोहे देऊन गेली, सगळ्यांना आवडल्यासारखं दिसत होतं. मुलाचे वडील आबांकडे बघून बराच वेळ बोलत होते. आबा हसत मान डोलवत होते. मग ते गृहस्थ थोडे खाली वाकले आणि म्हणाले, गेल्या साली आमची घरवाली गेली, घरात बाईमाणूस नाही, म्हणून घाई करतोय. आणि आबा तोंडभर हसून म्हणाले, "चांगलं झालं, चांगलं झालं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. माय धावली, "त्यांना ऐकू कमी येतं हो," म्हणाली, पण ते गृहस्थ तोवर चप्पल पायात घालत होते. त्यांचं तरी काय चुकलं? आबांना काहीतरी आक्रीत घडलंय हे सगळ्यांच्या तोंडांवरून कळलं, पण काय ते कळेना. नंतर ताईनं त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं सांगितलं. आबांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. मग म्हणाले, "आते मी बठनार नही." पुढचे पाहुणे येतील तेव्हा मी पाळीवर जाईन. मामाला बसवा, शेजाऱ्याला बसवा, मला नको.

ताई माझ्यापेक्षा शांत, पण हट्टाला पेटली की कुणाची नाही. ती म्हणाली, माझे आबा जिवंत असताना माझ्या लग्नाची बोलणी शेजारी करणार असतील तर मला लग्नच करायचं नाही. आबा बसणार नाहीत आणि आबांशिवाय ताई उठणार नाही, असं ते अडलं. माय बिचारी दोघांच्या मधे. दुसरं स्थळ सांगून आलं होतं, चांगलं होतं, मुलगा शहराबाहेर इच्छापोरला ठेक्यावर कामाला होता, आणि मायला त्यांना काय कळवावं ते सुचेना.

ह्याच सुमाराला सरांनी आम्हाला एक काम दिलं. कामाची एखादी जागा निवडा, तिथे जाऊन बसा, बघा आणि तिचा नकाशा काढून आणा. वर्गातल्या मुलींनी साड्यांची शोरूम, दवाखाना, ब्यूटी पार्लर असं काय काय निवडलं. मी म्हटलं, मी आबांच्या खात्यात जाते. माय म्हणाली, खात्यात काय बघण्यासारखं आहे, जळमटं? पण जाताना तिनं निरोप दिलाच, की आबांना सांग, येताना कोथिंबीर आणा.

खात्याच्या दारात पाय ठेवला आणि छातीत धडधडायला लागलं. म्हणजे खरंच, त्या आवाजानं बरगड्या हलत होत्या. साच्यांच्या रांगा, मधे एक माणूस जाईल एवढी वाट, प्रत्येक वाटेवर ट्यूब, हवेत कापसासारखी पांढरी धूळ. कानात बोटं घालून मी आबांना शोधलं. आणि मला जे दिसलं ते मी मरेपर्यंत विसरायची नाही.

आमचे आबा गप्पा मारत होते!

पलीकडच्या रांगेतल्या जोडीदाराशी, मधे एवढे साचे आदळत असताना, आबा हातवारे करून, भुवया उडवून, तोंडभर बोलत होते. जोडीदार काहीतरी म्हणाला तर आबा मागे रेलून खदाखदा हसले. मग इकडच्या बाजूला वळून तिसऱ्याला काहीतरी टोमणा मारला, तोही हसला. आवाज कुणाचाच नाही, म्हणजे असेल, पण कुणाला ऐकू येणार? मी आ वासून बघत राहिले. घरी जो माणूस दहा शब्द बोलत नाही तो इथे गल्लीभर गप्पा हाकत होता. माझा बाप एवढा बोलका आहे, एवढा मिश्कील आहे! मला रडायला यायला लागलं, आणि रागही आला, की हा माणूस आम्हाला का नाही मिळाला?

तेवढ्यात आबांनी मला पाहिलं. मी तिथूनच, सवयीनं, म्हटलं, "माय म्हणते कोथिंबीर आणा." माझा आवाज माझ्या मलाच ऐकू आला नाही. आबांनी मान हलवली. म्हटलं, गेलं पाण्यात, घरी जाऊन पुन्हा सांगू. पण संध्याकाळी आबा आले आणि त्यांच्या पिशवीत कोथिंबिरीची जुडी होती.

मी ती जुडी हातात धरून उभीच राहिले. माय म्हणाली, निवडायची आहे ती, ओवाळायची नाही.

तुम्हाला वाटेल लगेच सगळं उमगलं असेल. छे! आबा खात्यात ऐकतात आणि घरी ऐकत नाहीत एवढंच कळत होतं, आणि त्याचा अर्थ मला मायसारखाच लागत होता, की त्यांना आमचा कंटाळा आलाय. दुसऱ्या दिवशी आबा पाळीवर गेल्यावर मी नकाशा काढायला त्यांच्या खाटेवर बसले. एरवी त्या खाटेवर आम्ही कुणी बसत नसू, आबांची जागा ती. माय समोर, नेहमीसारखी खिडकीकडे पाठ करून, धागे कापत होती. तिनं मला काहीतरी विचारलं. मी मान वर करून बघितलं आणि मला माय दिसली नाही. खिडकीचा लख्ख चौकोन दिसला, आणि त्याच्यापुढे मायच्या आकाराचा काळोख. नाक नाही, डोळे नाहीत, तोंड नाही.

"माय, पुन्हा बोल," मी म्हटलं.

ती बोलली. आवाज आला, ओठ दिसले नाहीत. मी उठून तिच्या शेजारी गेले, परत येऊन खाटेवर बसले, पुन्हा उठले. माय म्हणाली, वेड लागलं का गं तुला? मला हसावं की रडावं कळेना. इतकी वर्षं आबा त्या खाटेवरून हेच बघत होते. खात्यात प्रत्येक तोंडावर ट्यूबचा उजेड होता आणि लूमवरची माणसं कानानं नाही, डोळ्यांनी ऐकतात. हे त्यांना कुणी शिकवत नाही आणि त्यांना स्वतःला ते माहीतही नसतं, श्वास घ्यावा तसं ते करतात. घरी आम्ही त्यांना सगळ्यात मानाच्या जागी बसवलं होतं आणि आमची तोंडं त्यांच्यापासून लपवली होती. सर म्हणायचे तसं, आधी माणूस बघा. मी पहिल्यांदा माझा बाप बघितला.

आज मी ज्या कामावर आहे तिथे कॉम्प्युटरच्या पडद्यावर रोज कुठल्या कुठल्या देशांतली माणसं असतात. सर म्हणाले होते तसं सगळं झालं. मध्यंतरी एका थंड देशातल्या म्हाताऱ्या माणसांच्या घराचं काम होतं. जेवणाच्या खोलीत त्यांनी मोठी काच ठेवली होती, बाहेर बर्फाचं सुंदर दृश्य, आणि वाढणाऱ्या मुली नेमक्या त्या काचेपुढे उभ्या राहणार. मी म्हटलं, टेबलं फिरवा, त्या मुलींची तोंडं उजेडात आणा, नाहीतर तुमचे आजोबा जेवायला बसतील आणि गप्प होतील. तिकडचा एक तरुण म्हणाला, हे कुठे शिकलात? मी पांडेसरा म्हटलं, त्यानं ते नाव लिहून घेतलं, एखादं मोठं विद्यापीठ असावं तसं. आता तर म्हणे मशीनच क्षणात खोलीचं चित्र काढून देतं, पडद्यांसकट. काढू दे की! पण त्याला आधी कुणीतरी त्या खाटेवर जाऊन बसायला सांगायला पाहिजे.

असो. मी मायला म्हटलं, पाहुण्यांना यायला सांग. आबा बसतील.

पाहुणे येणार म्हटल्यावर गल्ली कामाला लागली. एकीनं प्लास्टिकची तोरणं दिली, घरमालकिणीनं कागदी फुलांचा ताटवा आणला, आणि मायनं बाजारातून जरीच्या काठाचं कापड आणून खिडकीला मापून पडदा शिवला. "तू ते शिकते ना, आता दाखव तुझी कला," म्हणून सगळ्या माझ्याभोवती. मी तोरणं परत केली. पडदा काढून घडी घातली. आणि खाट ओढत नेऊन खिडकीखाली ठेवली, आबांसाठी. पाहुण्यांची सतरंजी समोरच्या भिंतीला, आबांच्या जुन्या जागी.

मायनं ते बघितलं आणि कपाळावर हात मारला. "पाहुणासले उजायाकडे तोंड करी बसाडस? आनि आपला मानूस वाऱ्याले?" पाहुण्यांची तोंडं उजेडाला आणि आपला माणूस वाऱ्याला, लोक काय म्हणतील! त्यात पडदाही नाही. हेच शिकायला तुला पाठवलं का, घर उघडं करायला? मी पण तापले. म्हटलं, हो, हेच शिकायला पाठवलंस. आमचं चांगलंच वाजलं. शेवटी ताई मधे पडली. ती म्हणाली, माय, माझं लग्न आहे ना? मग मोडलं तर माझं मोडेल.

आबांना ह्यातलं काही पटलेलं नव्हतं. ताईनं त्यांना हात धरून खाटेवर बसवलं तेव्हा ते दाराकडेच बघत होते. तोंड उतरलेलं, इस्त्रीच्या शर्टाची बाही पुन्हा पुन्हा सरळ करत होते. मी समोर सतरंजीवर बसले, हात हलवून त्यांचं लक्ष वेधलं आणि म्हटलं, "आबा, घाबरू नका." ते चमकले. मी मुद्दाम आवाज काढलाच नव्हता.

पाहुणे दुपार कलल्यावर आले. मुलगा, त्याची आई आणि बोलणी करणारे त्याचे मामा. ते दारातून आत आले. मामांना मिशा होत्या. साध्या नाहीत, वरचा ओठ झाकून खालच्यावर उतरलेल्या! सगळी खोली फिरवली, सगळा उजेड आणून तोंडांवर पाडला, आणि नेमकं ज्याला बोलायचं त्याचंच तोंड कुलूपबंद. मामा बसले, खाकरले आणि बोलायला लागले. आबा त्यांच्याकडे टक लावून बघत होते. मिशा हलत होत्या. आबांनी माझ्याकडे बघितलं, मग ताई उभी होती त्या दाराकडे, मग पुन्हा मिशांकडे. माय पदराचं टोक पिळत होती. मला वाटलं, आता हसतील. आता "चांगलं झालं" म्हणतील आणि संपलं.

आबा हसले नाहीत. त्यांनी हात वर केला आणि मामांना मधेच थांबवलं. "पाहुणे, राग येऊ देऊ नका," ते म्हणाले, "माले ऐकू येत नही. साचासनी कान खाई टाकात. तोंड दखायनं का समजस. पन तुमना मिशासमा सगळं अडकी जास."

तोंड दिसलं की कळतं, पण तुमच्या मिशांत सगळं अडकतं! मग मुलाची आई पदर तोंडाला लावून अशी हसायला लागली की तिला आवरेना. "मी किती वर्षं सांगते, कापा म्हणून!" मामांनी मिशांवरून हात फिरवला, आणि तेही हसले. आणि तेवढ्यात मुलगा सतरंजीवरून पुढे सरकला, खाटेसमोर बसला, तोंड नीट खिडकीकडे केलं आणि बोलू लागला. आवाज न काढता. इच्छापोरला जाण्याआधी तो कतारगामच्या लूमवर होता, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आबांना सांगायची गरजच नव्हती. त्यांचा चेहरा असा उजळला, असा उजळला की मला बघवेना.

मग जे काही झालं ते मी काय सांगू! खोलीभर माणसं चिडीचूप, मुलाचे ओठ हलतायत आणि ऐकू येतंय फक्त आबांचं उत्तर. "हो, गाव अमळनेरकडे." "नाही, गुडघा बरा आहे आता." "तो शेठ? तो चेंगटच आहे!" माय तोंडाला हात लावून बघत होती. आमच्या घरात आबांचा आवाज एवढा सलग कधी घुमलाच नव्हता. मग मुलगा थोडा अडखळला, कानांपर्यंत लाल झाला, आणि अगदी छोटंसं काहीतरी विचारलं. त्याला ते मोठ्यांच्या नकळत विचारायचं असावं. पण बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती चढलाय ते कुठे कळतं? आबा गल्लीला ऐकू जाईल असे म्हणाले, "अरे, तू तिले पसंत शे का, हाई माले काय इचारस? तिलेच इचार!"

दारामागून ताईच्या हसण्याचा आवाज आला. बाहेर खिडकीशी जमलेल्या बायकाही हसल्या. मुलगा मान खाली घालून बसला, ती बराच वेळ वर केलीच नाही. आमचे दाजी ते. आजही ताईशी भांडण झालं की ते आवाज न काढताच बोलतात, मुलांना कळू नये म्हणून.

पाहुणे गेले. बोलणी ठरली होती, नारळ कोणी कधी आणायचा तेही ठरलं होतं. माय लगेच खाट पुन्हा पहिल्या जागी सरकवायला उठली, दुसऱ्या दिवशी गठ्ठा द्यायचा होता. आबा खाटेवर तसेच बसून राहिले आणि म्हणाले, राहू दे. तेव्हा माय नाइलाजानं साड्या घेऊन समोरच्या भिंतीशी बसली, खिडकीकडे तोंड करून. उजेड तिच्या साडीवर पडला आणि तोंडावरही. कात्री चालू झाली आणि सवयीनं तोंडातल्या तोंडात तिचं सुरू झालं, "बठेल शे राजासारखा, कामले हात लावाले नको..."

"दे आठे कातर," आबा म्हणाले.

माय दचकली. कात्री हातातून पडली. "ऐकू येस का तुमले?"

"ऐकू नही येस. दखास."

ऐकू येत नाही, दिसतं! इतकी वर्षं मनातलं सगळं ती तिथेच, त्यांच्यासमोर, त्यांना कळत नाही म्हणून बोलत आली होती. तिनं पटकन पदर तोंडावर ओढला. ताई आणि मी हसून हसून लोळलो, आणि पदराआड माय हसतेय की रडतेय ते काही केल्या कळेना. आबांनी खाली उतरून कात्री उचलली आणि तिच्यासमोर, खिडकीकडे पाठ करून बसून एक साडी ओढून घेतली.

थोड्या वेळानं त्यांनी मला हाक मारली. "पोरी, आठे बठ. उजायामा." मी खिडकीकडे तोंड करून त्यांच्यासमोर बसले. त्यांनी कात्री बाजूला ठेवली.

"आते सांग," ते म्हणाले. "तू काय शिकस?"

 आबा वाट बघत होते, डोळे माझ्या ओठांवर. मग मी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, तिरकी टेबलं, कापलेली घरं, जिन्याखालचा माणूस, समुद्रापलीकडच्या भिंती. मधे कितीदा थांबले, डोळे पुसले, पुन्हा सांगितलं. आबांनी मला एकदाही मधे तोडलं नाही. सांगून झाल्यावर त्यांनी खोलीकडे बघितलं, खाटेकडे, खिडकीकडे.

"म्हंजे शिवनकाम नही," ते म्हणाले.

"नाही आबा," मी म्हटलं. "शिवणकाम नाही."